‘चौथ्या दिवसाआधी’: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

कादंबरी आल्यापासून इनबॉक्समध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतायत आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करून माझी बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एकाच जागी टाकतेय. शेवटाबद्दलचा एक प्रश्न आहे, त्याच्यावर तसं लिहिलंय, ज्यांचं वाचून झालं नसेल त्यांनी तेवढा गाळून पुढे जा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

वैजू पंधरा संपून सोळाव्यात आलेली, दहावीला आहे, मालवणकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहते. गावाची गावपळण लागते, म्हणजे सगळं गाव गुराढोरांसकट, कुत्र्या-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन रात्री राहतं आणि आत कोणी म्हणजे कोणीच थांबायचं नसतं. वैजूच्या घरचा बोका, सुकट नाव त्याचं, टोपलीतून उडी मारून परत घराकडे पळतो आणि ही तिन्हीसांजेला त्याच्यामागे वेस ओलांडून आत जाते. आत गाव आहे पण ते तिचं नाही. घरं त्याच जागी, विहीर त्याच जागी, माडसुद्धा तेवढेच, पण उंबरे जास्त उंच आहेत, देवळाचं तोंड भलतीकडे आहे आणि चुली अजून गरम आहेत. हे ‘आतल्यां’चं गाव. आपण गाव सोडतो तेव्हा ते आपल्या घरांत येऊन राहतात आणि तेवढे दिवस त्यांचं गाव रिकामं पडतं, म्हणजे त्यांचीही ती गावपळणच. चौथ्या दिवशी दोन्हीकडची गावं भरायच्या आत वैजूला बाहेर पडायचंय, नाहीतर ती तिथलीच होऊन जाणार आणि तिच्या अंथरुणात घरी दुसरंच कोणीतरी झोपणार.

मांजर मरतं का?

नाही. निवांत वाचा.

गावपळण खरंच असते की तुमच्या डोक्यातून आलीय?

शंभर टक्के खरी आहे. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही काही वर्षांनी होते, आणि वैभववाडी तालुक्यातल्या शिराळे गावची तर दर वर्षी. मजा अशी की पुण्या-मुंबईच्या वाचकांना हाच भाग सगळ्यात जास्त रचलेला वाटतो आणि मालवणच्या वाचकांचा मेसेज येतो की ह्यात फँटसी कसली, आमची आजी दर टायमाला जाते.

आचऱ्याची गावपळण सगळ्यात जास्त गाजलेली, हजारो माणसं बाहेर पडतात. ग्रामदैवत रामेश्वर, त्याचा कौल, म्हणजे देवाला विचारून मिळालेला होकार, झाल्याशिवाय गाव हलत नाही. कौल झाला, दिवस ठरला की लोक वेशीबाहेर, कुठे माळावर, कुठे खाडीच्या काठाला, कुठे शेजारच्या गावाच्या हद्दीत झोपड्या घालायला लागतात, पूर्वी नुसत्या माडाच्या झावळांच्या आणि गवताच्या असायच्या, हल्ली वर ताडपत्री पण असते. मग त्या दिवशी घराला कडी, गुरं पुढे, कोंबड्या डालग्यात, म्हातारी माणसं रिक्षात किंवा टेम्पोत, वर गाद्या, तांदूळ, स्टोव्ह, पोरांची दप्तरं, आणि अंधार पडायच्या आत गाव मोकळं. बाहेर तीन दगडांची चूल मांडायची, रात्री भजनं, फुगड्या, गाणी, पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळणार, कोणी खाडीत मासे पकडायला जाणार. एरवी एकमेकांशी बांधावरून न बोलणारी घरं शेजारी शेजारी झोपड्या घालून राहतात (तीन दिवसच हां, नंतर बांध आहेच).

आणि चौथ्या दिवशी परत कौल. देवाने दिला तर गाव भरतं, नाही दिला तर मुक्काम वाढतो. हे ‘नाही दिला तर’ मी लहानपणी ऐकलं तेव्हापासून डोक्यात बसलंय, कारण त्याचा अर्थ असा होतो की घर तुमचं, सातबारा तुमच्या नावावर, पण आत कधी जायचं ते तुमच्या हातात नाही. बाकी कादंबरी त्या एका वाक्यातून निघाली.

पण त्याच्यामागे शास्त्रीय कारण आहे ना? तुम्ही अंधश्रद्धा का पसरवता?

व्हॉट्सअॅपवर ते फॉरवर्ड फिरतं ते मलाही येतं, गावाला विश्रांती मिळते, हवा शुद्ध होते, पूर्वी साथीचे रोग यायचे म्हणून लोक बाहेर जायचे वगैरे. असेलही त्यात काहीतरी. पण मला ते बहुतेक मागाहून चिकटवलेलं वाटतं, आपली जुनी गोष्ट कुणासमोर सांगायची लाज वाटली की आपण तिला शास्त्राचा सदरा चढवतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सरळ सांगतात, जागा देवाची, थोडे दिवस देवाला मोकळी करून द्यायची, कोणी म्हणतं भुताखेतांना द्यायची. मला लिहायला हे कारण जास्त उपयोगी पडलं कारण त्यात दुसरं कोणीतरी आहे, आणि दुसरं कोणी असल्याशिवाय कादंबरी होत नाही, फारतर निबंध होतो.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर वैजूच्या शाळेतल्या बाई विज्ञान शिकवतात आणि गावपळणीला सगळ्यात आधी झोपडी त्यांचीच उभी राहते. अशी माणसं आमच्याकडे ढिगाने आहेत. त्यांच्या डोक्यात काय चालतं ते मी सोडवायला गेले नाही, मला ती आवडतात.

कादंबरीतलं गाव नक्की कुठलं? आम्हाला ट्रिप काढायचीय.

गाव खोटं आहे. थोडी आचऱ्याची खाडी घेतलीय, थोडा तोंडवळीकडचा किनारा, देऊळ तिसऱ्याच ठिकाणचं. मॅपवर शोधू नका. आणि कृपा करून खऱ्या गावपळणीला रिकाम्या गावात शिरून रील काढायला जाऊ नका, ड्रोन तर नाहीच नाही. लोक आपली घरं मोकळी सोडून विश्वासाने बाहेर जातात. वेशीबाहेर जिथे झोपड्या असतात तिथे ओळखीने जा, चहा मिळेल, कदाचित जेवायलाही बसवतील.

ही इसेकाई आहे का?

अॅनिमे बघणारी पोरं हे सगळ्यात आधी विचारतात. हो आणि नाही. इसेकाई म्हणजे इकडचं पोर तिकडच्या जगात जातं ती जपानी प्रकारची गोष्ट, एवढंच धरलं तर आहे. पण त्या प्रकारच्या बऱ्याच गोष्टींमध्ये नायक आधी आपल्या जगात मरतो, ट्रकखाली येऊन मरायची तर फॅशनच पडलीय, मग दुसऱ्या जगात जागा होतो आणि तिथे त्याला लेव्हल मिळते, स्किल मिळतं, चार दिवसांत तो तिथला सगळ्यात भारी माणूस होतो. मी पण आवडीने बघते, नाटक करत नाही. पण बघताना मला राहून राहून वाटतं, तिथल्या लोकांना कोणी विचारलं का?

वैजूला आत काहीच मिळत नाही, उलट तिचं जातं. ती न बोलावता आलेली पाहुणी आहे. चुलीवरचा भात खाते तर तो कोणाचा तरी भात असतो आणि त्याचा हिशोब लागतो, विहिरीचं पाणी काढते तर रहाट कोणी शेवटचा हात लावला ते लक्षात ठेवतो. दुसरं जग म्हणजे कोणाच्या तरी बापाचं गाव असतं, ते तुमच्यासाठी मांडून ठेवलेलं नसतं, हे मला लिहायचं होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजवायला लागत नाही. दर सीझनला कोणीतरी येतं, आमच्या खळ्यात गाडी लावतं, होडीवर चढून फोटो काढतं आणि विचारतं की इथे बघायसारखं काय आहे.

वैजू मुंबईची का नाही? शहरातली मुलगी गावी येते असं केलं असतं तर आम्हाला जास्त कनेक्ट झालं असतं.

म्हणूनच नाही केली. शहरातली मुलगी सुट्टीत कोकणात येते आणि मग तिला गूढ काहीतरी सापडतं, यात कोकण हेच परजग होऊन बसतं. आमच्यासाठी ते घर आहे हो, इथे वीजबिल येतं. वैजूला माडावर कोण चढणार, मच्छी कितीला लागली, कुठल्या वाडीत रेंज येते हे सगळं माहितेय, त्यामुळे आतल्या गावात गेल्यावर काय बदललंय ते तिलाच ओळखू येतं, बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच सुंदर दिसलं असतं.

जादू कशी चालते? नियम नीट समजले नाहीत.

नियम तसे सोपे आहेत पण मी एका जागी लिहिलेले नाहीत, वैजूला जसे कळतात तसे वाचकाला कळतात, म्हणून गोंधळ होत असावा.

सगळी जादू गाऱ्हाण्यातून होते. ज्यांनी कोकणातलं देऊळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून गावातला मानकरी किंवा गुरव सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, मोठ्याने, एका लयीत, बा देवा म्हाराजा करून सुरुवात, मग कोण आलंय, कशासाठी आलंय, काय अडलंय, काय चुकलं असेल तर पोटात घाल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली सगळी माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. शिमग्यात, जत्रेत, नवीन घराच्या वेळी, होडी पाण्यात लोटताना, कुठेही. ज्याने एकदा ऐकलंय त्याच्या अंगावर तो ‘व्हय म्हाराजा’ आलेलाच असतो.

तर आतल्या गावात गाऱ्हाणं लागू पडतं. अट एक, तुम्ही कोण ते खरं सांगायचं. अट दोन, बदल्यात काय देणार ते बोलायचं, आणि बोललात की ते गेलंच, नंतर घासाघीस नाही. अट तीन सगळ्यात महत्त्वाची, दुसऱ्या कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं पाहिजे. एकट्याचं गाऱ्हाणं कुठेच पोचत नाही. म्हणून पहिल्या रात्री वैजू घसा बसेपर्यंत ओरडते, ‘बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू वाट चुकलां हा, तेका वाटेक लाव रे म्हाराजा’ आणि काहीच होत नाही, आणि दुसऱ्या रात्री केरू नावाचा एक पोरगा भेटतो आणि नुसता झोपेत बडबडल्यासारखा ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो तर विहीर भरून वर येते.

मला एकट्या हिरोची जादू कधीच पटली नाही. आमच्याकडे रापणसुद्धा एकट्याने ओढता येत नाही, पंचवीस-तीस माणसं दोन्हीकडून दोर धरून उभी राहतात तेव्हा जाळं किनाऱ्याला लागतं, आणि मग वाटा सगळ्यांना.

तिने गाऱ्हाण्याच्या बदल्यात आपलं नाव का दिलं? दुसरं काही देता आलं असतं की!

काय देणार? कानात साध्या रिंगा आणि हातात मोबाईल. केरूने मोबाईल मागितला असता तर मी पण विचार केला असता.

मोबाईल आत का चालत नाही? आणि तिला वेळ कसा कळतो?

चालतो की, टॉर्च लागतो बॅटरी संपेपर्यंत. रेंज नसते, पण ती तिच्या वाडीत एरवीही नसते, त्यामुळे तिला पहिले दोन तास काही वेगळं वाटतच नाही. घड्याळ मात्र वेशीवरच्या वेळेला अडकलेलं राहतं.

वेळ ती भरतीवरून मोजते. हा भाग मी नीट हिशोब करून लिहिलाय म्हणून जरा सविस्तर सांगते, शाळेतल्या मुलांचे प्रश्न यावर जास्त येतात. आपल्या किनाऱ्यावर दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत अंदाजे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आज सकाळी १० वाजता पाणी भरलं तर उद्या ते १० वाजून ५० मिनिटांच्या आसपास भरणार, रोज असं पन्नासेक मिनिटं पुढे सरकत जातं, कारण चंद्र पण रोज तेवढाच उशिरा वर येतो. तीन दिवसांचे तास ७२, म्हणजे जवळजवळ सहा भरत्या. वैजूचा बाप मच्छीमार आहे, हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. म्हणून ती पहिल्या रात्री खाडीच्या कडेला काठी रोवते आणि सहा भरत्या मोजायच्या एवढंच धरून बसते.

दुसरी गोष्ट, तिथी अमावस्येच्या जवळची घेतलीय. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी, भरती जास्त वर चढते आणि ओहोटीला जास्त लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती मरगळलेली असते. तिसऱ्या रात्री ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की खाडीच्या तळातली जुनी वाट उघडी पडते, ती अमावस्या असल्यामुळेच. भांगाच्या दिवसांत ती वाट दिसलीच नसती. एका वाचकाने भरतीचं कोष्टक घेऊन हे तपासलं आणि मला फोटो पाठवला, त्या दिवशी मी फार खुश होते.

सड्यावरचे प्राणी खरे आहेत का?

कोरलेले खरे आहेत. जिवंत केले मी.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, पावसात हिरवं, डबकी साठलेली, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं पसरलेली, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे पाय ठेववत नाही इतका तापतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या या सड्यांवर शेकड्यांनी कातळशिल्पं आहेत, जमिनीवर आडवी कोरलेली. राजापूर तालुक्यात कशेळीला एक भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. बारसूला एक माणूस दोन बाजूंना दोन वाघ घेऊन उभा आहे. देवाचे गोठणे इथल्या शिल्पावर होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे फिरते, दगडातल्या चुंबकीय गुणामुळे. सिंधुदुर्गातलं कुडोपी तर वैजूच्या बाजूचंच. काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडा ओळखलेत, जे आज कोकणात औषधालाही नाहीत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली अशी नऊ ठिकाणं गेली, सात रत्नागिरीतली, एक कुडोपी आणि एक गोव्यातलं. वयाबद्दल अभ्यासक दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात, पण नक्की तारखेवर वाद आहेत. गावातले लोक एका वाक्यात संपवतात, पांडवांनी एका रात्रीत केलं.

आतल्या गावाच्या सड्यावर वैजू पोचते तेव्हा तिथे नुसते खड्डे आहेत. हत्तीच्या आकाराचा खड्डा, गेंड्याच्या आकाराचा खड्डा, माशाचा, माणसाचा. चित्रं उठून चरायला गेलीत. हा एक प्रसंग लिहायला मला जेवढी मजा आली तेवढी बाकी आख्ख्या पुस्तकात आली नसेल, आणि देवाचे गोठण्याची ती फिरणारी सुई मी तशीच्या तशी वापरलीय, आत सुई उत्तरेऐवजी जवळच्या रिकाम्या खड्ड्याकडे वळते, म्हणजे कोण उठून गेलंय ते कळतं.

सड्यावर जाणार असाल तर शिल्पावर चालू नका, खडूने रंगवून फोटो काढू नका, बास.

रात्री एका पायात वहाण घालून फिरणारा तो वेतोबा आहे ना?

नाही. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीचा वेतोबा हा लोकांचा देव आहे, त्याला नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्ठ्या वहाणा वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याला कादंबरीतलं पात्र करायची माझी हिंमत नाही आणि तशी इच्छाही नाही. माझा एकवहाण्या हा आतल्यांचा राखणदार आहे, आमच्याकडे देवचार म्हणतात त्या जातीतला. तो वाईट नाही. खूप जणांनी त्याला व्हिलन म्हटलंय पण तो बिचारा त्याचं काम करतोय, रिकाम्या गावात उपरं पोर फिरताना दिसलं तर तुमच्या गावचा वॉचमन काय करेल?

भुतं आहेत का? कितव्या वयापासून वाचावं?

भुतं नाहीत, आतले म्हणजे भुतं नव्हेत, ते जिवंत आहेत, फक्त दुसरीकडे आहेत. रक्तपात नाही. विहिरीचा प्रसंग रात्री एकट्याने वाचू नये असं दोघी-तिघींच्या आयांनी कळवलंय. बारा-तेरापासून पुढे चालेल. मोठ्यांनी वाचली तर मला काही प्रॉब्लेम नाही, उलट पत्रं त्यांचीच मोठी येतात.

मालवणी समजेल का?

निवेदन साध्या मराठीत आहे, बोलणं मालवणीत. ‘खय’, ‘माका’, ‘कित्याक’ एवढं दहा पानांत कळतं, पुढे कान बसतो. मागे शब्दांची यादी द्या असं काहींचं म्हणणं होतं, मी नाही दिली. तुम्ही परदेशी फँटसीतली उच्चार न होणारी नावं पाठ करता, त्यांचे नकाशे भिंतीवर लावता, मग आजीचं ‘कुत्रो माणसाचो, मांजार घराचां’ एवढं समजून घ्यायला काय होतं?

वैजू आणि केरूचं जमतं का?

नाही हो. तिला घरी जायचंय, त्याला भूक लागलीय.

शेवट असा का केला? (पूर्ण वाचलं नसेल तर हे गाळा. खरंच गाळा.)

सगळ्यात जास्त शिव्या यावर खाल्ल्यात. चौथ्या दिवशी कौल होत नाही, देव डावा देतो, म्हणजे नकार, गाव बाहेर थांबतं. बाहेरच्यांना कारण कळत नाही, आजीला कळतं, कारण तिच्या झोपडीत एक अंथरूण रिकामं आहे. ती वेशीवर जाते आणि गाऱ्हाणं घालते, बाई माणूस गाऱ्हाणं घालत नाही असं चार लोक म्हणतात, ती ऐकत नाही. आणि आत वैजूला नाव नाही, मागायला तोंड नाही, देण्यासारखं काही नाही, पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला नाव लागत नाही. ती म्हणते. गाऱ्हाणं बाहेरून, जबाब आतून, आणि म्हणून वाट उघडते. आख्ख्या पुस्तकात ती स्वतः मागत असते, सुटते ती दुसऱ्याच्या मागण्याला साथ दिल्यावर.

आता केरू. त्याला का नाही आणलं, त्याला का नाही आणलं, असे मेसेज येतात. ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी, केरू आतला नाही. तो आपल्याकडचाच, फार जुन्या एका गावपळणीत मागे राहिलेला. म्हणून त्याचं नाव तसं आहे, म्हणून त्याला रिक्षा माहीत नाही आणि होडीचे सगळे भाग माहितायत. त्याच्यासाठी वेशीवर उभं राहून गाऱ्हाणं घालणारं कोणी आता उरलेलं नाही. नियम मी दुसऱ्या प्रकरणात सांगितलाय, तुम्हाला रडू येतं म्हणून शेवटच्या प्रकरणात मोडला असता तर तुम्हीच म्हणाला असतात की सोयीचं केलं. एक गोष्ट मात्र खरी, वैजूला त्याचं नाव माहितेय, आणि पुढची गावपळण येणार आहे.

म्हणजे दुसरा भाग येतोय?

लिहितेय. तारीख विचारू नका.

पीडीएफ मिळेल का?

नाही. ग्रुपवर फिरतेय ती पण डिलीट करा. पैशाची अडचण असेल तर तुमच्या गावच्या किंवा शाळेच्या वाचनालयाला मागणी द्या, ती मागणी खरंच उपयोगाला येते.

मला पण अशी फँटसी लिहायचीय, सुरुवात कुठून करू?

दरवाजापासून करू नका. सगळे आधी दरवाजा शोधतात, आरसा, कपाट, विहीर, अंगठी, आणि मग पलीकडे काय ठेवायचं ते सुचत नाही. आधी ठरवा की पलीकडे कोण राहतं, ते काय खातात, त्यांची भांडणं कशावरून होतात, पाहुणा आला तर त्याला कुठे बसवतात. मग दरवाजा आपोआप सापडतो, तो बहुतेक त्यांच्या घराचा पाठीमागचा असतो.

मग एक नियम घ्या आणि तो मोडायचा नाही असं ठरवा. एकच पुरे. दहा नियम लिहिलेत तर वाचक विसरतो, तुम्ही पण विसरता. जादूची किंमत ठेवा, आणि ती नायकाला परवडणार नाही एवढी ठेवा.

आणि सामान गावातलं वापरा ना! ड्रॅगन, किल्ला, एल्फ लिहिणारी पोरं मला कथा पाठवतात, त्यात बर्फ पडतो, लिहिणारा देवगडचा. अरे बाबा, तुझ्या गावात दशावतार होतो, रात्रभर, छापील संवाद नसतात, कलाकार उभ्या उभ्या बोलणं रचतो, राजा झालेला माणूस सकाळी एसटीला उभा असतो. तुझ्याकडे शिमग्यात तोंडावर मुखवटा घालून संकासुर धावतो आणि लहान पोरं खरीखुरी घाबरतात. खाडीवर ‘तर’ म्हणतात ती होडी असते, पलीकडे नेणारी. यातलं एक उचल आणि त्याला सरळ प्रश्न विचार, हे खरं असेल तर? बर्फ नंतर बघू. कोणी म्हणेल की मी कोकणातली नाही, विदर्भातली आहे, सोलापूरची आहे, तर मग तुमच्याकडचं उचला, त्यासाठी माझी परवानगी कशाला, तुमच्या आजीची घ्या.

वाचायचं म्हणाल तर फँटसी कमी वाचा आणि गॅझेटिअर, देवळांच्या वहिवाटी, जुन्या लोकांच्या आठवणी जास्त वाचा. मला ‘नाही दिला तर’ कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

शाळेच्या गॅदरिंगला नाटक बसवू का?

बसवा, तिकीट लावणार नसाल तर विचारायची पण गरज नाही, तिकीट असेल तर प्रकाशकांना मेल टाका. फक्त स्टेजवर गाऱ्हाणं म्हणताना तुमच्या गावच्या खऱ्या देवाचं नाव घेऊ नका, पुस्तकात आहे तसं नुसतं ‘म्हाराजा’ ठेवा. आणि ‘व्हय म्हाराजा’ प्रेक्षकांकडून म्हणवून घ्या, विंगेतल्या चार पोरांच्या आवाजात ते उभं राहत नाही.